आतला आवाज आणि बुद्धी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बुद्धी आणि विवेकावरचा लेख वाचला. ‘आतला आवाज हीच श्रेष्ठ बुद्धी, म्हणून तो चुकत नाही’ हे त्यातले विधान आपल्या ग्रंथांना धरून नाही. आधारासाठी घेतलेले कालिदासाच्या शाकुंतल नाटकातले वचनही अर्धेच छापले आहे. ‘प्रमाणमन्तःकरणप्रवृत्तयः’ (अंतःकरणाचा कल हेच प्रमाण) याच्या आधी ‘सतां हि संदेहपदेषु वस्तुषु’ (संशयाच्या बाबतीत सज्जनांना) असे आहे. म्हणजे ही मुभा सज्जनांना, आणि तीही संशयाच्या जागी. शिवाय हे म्हणणारा दुष्यंत त्या वेळी शकुंतलेवर भाळलेला आहे!

निश्चय करणे हे सांख्य दर्शनाच्या मते बुद्धीचे काम. तिच्यापर्यंत प्रकरण कसे पोचते, ते टीकाकार वाचस्पती मिश्रांनी या दर्शनाच्या मूळ ग्रंथावर, तिसाव्या सांख्यकारिकेवर, लिहिताना उलगडले आहे. अंधुक उजेडात आधी नुसते काहीतरी दिसते. लक्ष देऊन पाहिल्यावर मन ओळखते, हा तर धनुष्य ताणलेला चोर. मग अहंकार, म्हणजे ‘मी’पणाची जाणीव, म्हणतो, माझ्याच अंगावर येतोय. शेवटी बुद्धी ठरवते, इथून निघावे. अहंकाराची पाळी बुद्धीच्या आधी येते, हे इथे महत्त्वाचे. बुद्धीसमोर येणाऱ्या गोष्टीला ‘मी’ आणि ‘माझे’ आधीच चिकटलेले असते, आणि पुष्कळदा त्यालाच आपण आतला आवाज समजतो. विजेच्या लखलखाटात समोर वाघ दिसला तर ही सगळी कामे एकदमच होतात, असेही तिथे म्हटले आहे. तेव्हा उडी मारावीच. पण वडिलोपार्जित घराची वाटणी किंवा सोसायटीच्या सभेतला पार्किंगचा वाद म्हणजे वाघ नव्हे; तिथे थांबायला वेळ असतो.

बुद्धी चुकते, हे गीता स्पष्टच सांगते. अठराव्या अध्यायात (श्लोक 30 ते 32) राजस बुद्धीला धर्म-अधर्म नीट कळत नाहीत, तर तामस बुद्धी अधर्मालाच धर्म मानते. निश्चय तिचाही असतो, फक्त उलटा. तेव्हा ‘मला आतून पक्के वाटते’ हा पुरावा होत नाही. सात्त्विक बुद्धी ओळखायला चार जोड्या दिल्या आहेत: प्रवृत्ती-निवृत्ती, कार्य-अकार्य, भय-अभय, बंध-मोक्ष. कोणताही निर्णय या चारींवर घासून पाहता येतो. पहिल्या दोन जोड्या सगळेच विचारात घेतात. भीती नेमकी कशाची बाळगायची आणि या निर्णयाने आपण बांधले जातो की सुटतो, हे विचारायचे राहून जाते, आणि फसगत बहुधा तिथेच होते.

वेळेचाही प्रश्न आहे. दुसऱ्या अध्यायातली उतरण (श्लोक 62, 63) विषयांच्या चिंतनापासून सुरू होते: आसक्ती, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश आणि मग बुद्धिनाश. शंकराचार्य इथल्या स्मृतीचा अर्थ शास्त्राच्या आणि आचार्यांच्या उपदेशाने घडलेल्या संस्कारांची आठवण असा करतात. रागाच्या भरात हीच आठवण जाते. निर्णय ताडून पाहायला मग हाताशी काही उरत नाही, म्हणून लेखात सुचवलेले ‘डोळे मिटून मनाला विचारा’ त्या वेळी कुचकामी ठरते. राग उतरेपर्यंत निर्णय पुढे ढकलावा. त्याहून बरे म्हणजे एकच विषय मनात घोळतो आहे असे दिसताच सावध व्हावे, कारण आवरणे तिथे सर्वांत सोपे असते.

या वादावर पुण्यातच 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी सहावे प्रकरण खर्ची घातले आहे. सदसद्विवेक ही स्वतंत्र देवता आहे, हे मत त्यांनी तिथे खोडून काढले. बरे-वाईट ठरवणारी बुद्धी आणि इतर व्यवहारात निश्चय करणारी बुद्धी त्यांच्या मते एकच. व्यवसायात्मक (निश्चय करणारी) बुद्धी आणि वासनात्मक (इच्छारूप) बुद्धी असा भेद मात्र ते करतात आणि पहिली स्थिर झाल्याशिवाय दुसरी शुद्ध होत नाही, असे सांगतात. पुरवणीतल्या लेखाची दिशा नेमकी उलट आहे. लेखकांनी या प्रकरणाला उत्तर द्यावे आणि आपण ते छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे