कारकुनाच्या बापाला विंडो बंद, आमदार-खासदार मोकळे

मा. संपादक, स.न.वि.वि.

एप्रिलमधली गोष्ट. घराची कौलं चाळायला आणि दोन वासे बदलायला गडी सांगून ठेवलेला, पावसाआधी उरकायचं म्हणून, पैसे थोडे कमी पडत होते तर म्हटलं मुलाच्या कंपनीचे चार शेअर माझ्या डीमॅटला पडून आहेत ते काढून टाकू. मुलगा मुंबईला त्याच कंपनीत अकाउंट्सला आहे. फोन केला तर म्हणतो, "बाबा हात लावू नका, ट्रेडिंग विंडो बंद आहे." म्हटलं, ही कसली खिडकी? तर म्हणे 31 मार्चला तिमाही संपली की कंपनीच्या नफा-तोट्याचा रिझल्ट जाहीर होऊन 48 तास होईपर्यंत त्याच्यासारख्यांना कंपनीचा शेअर घेता पण येत नाही आणि विकता पण येत नाही, आणि मी शेअरचं सगळं त्यालाच विचारून करतो त्यामुळे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या 2015 च्या नियमात त्याच्या जवळच्या नातेवाइकांत मीपण आलो. रिझल्ट लागला मे महिन्यात, तोपर्यंत गडी दुसऱ्याच्या बागेत आंबे काढायला गेला, आणि वळवाचा पहिला पाऊस आमच्या माजघरात पडला.

याबद्दल तक्रार नाही, नियम बरोबरच आहे. आतली बातमी ज्याला आधी कळते त्याने बाजारात उतरू नये. माझा प्रश्न एवढाच की गुहागरात बसलेल्या कारकुनाच्या बापाला जर हे लागू, तर कुठल्या धंद्याला सवलत मिळणार, कुठला कर वाढणार, रस्ता कुठून जाणार हे ज्यांना आपल्या आधी कळू शकतं त्यांचं काय?

आतली माहिती वापरून शेअर घेणं-विकणं कायद्याने खासदारालाही चालत नाही, ते खरं. पण व्यवहार दिसलाच नाही तर पकडणार कोण? आपल्याकडे उमेदवार निवडणुकीच्या अर्जाबरोबर मालमत्तेचं, फॉर्म 26 चं प्रतिज्ञापत्र भरतो, 2002 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे हे सुरू झालं, त्यात शेअर, म्युच्युअल फंड, बायकोचं सोनं सगळं येतं. पण तो त्या दिवसाचा फोटो झाला. मधल्या पाच वर्षांत कधी घेतले, कधी विकले, कुठल्या निर्णयाच्या आदल्या आठवड्यात घेतले, काही कळत नाही. फार तर इन्कम टॅक्स रिटर्नमधला वर्षाचा एकूण उत्पन्नाचा आकडा दिसतो. निवडून आल्यावर खासदाराला शपथेपासून 90 दिवसांत मालमत्ता कळवावी लागते, तो पण फोटोच. राज्यसभेत हितसंबंधांची नोंदवही आहे, पण तिच्यात कंपनी ताब्यात असेल एवढे शेअर असले तरच नोंद, शे-पाचशे शेअर घेतले-विकले तर नाही.

अमेरिकेत 2012 साली स्टॉक अ‍ॅक्ट आला. तिथल्या खासदाराने हजार डॉलरच्या वरचा शेअरचा व्यवहार केला, स्वतःच्या, बायकोच्या किंवा अवलंबून असलेल्या मुलाच्या नावावर, तर जास्तीत जास्त 45 दिवसांत कळवायचा आणि तो कुणालाही नेटवर बघता येतो. तेही काही फार कडक नाही बरं का, नक्की रक्कम सांगत नाहीत, 1,001 ते 15,000 असे टप्पे असतात, उशीर झाला तर दंड सुरू होतो 200 डॉलरपासून, म्हणजे त्यांच्यासाठी चहापाणी. म्हणून तिथे आता खासदारांना शेअरच घेऊ देऊ नका अशी मागणी चाललीय. आपण अजून "दाखवा" इथपर्यंत पण पोचलो नाही!

माझा सातबारा काढा. सोसायटीचं आंब्यावरचं कर्ज इतर हक्कात लिहिलेलं आहे, गावातला कुठलाही पोर मोबाईलवर बघतो आणि पारावर सांगतो पण. त्याची कधी लाज वाटली नाही. मग आमदार-खासदारांच्या व्यवहाराला पडदा कशाला? 30 दिवसांत, बायको-मुलांसकट, कंपनीचं नाव आणि तारीख घालून टाका साइटवर, आमदारांचं मराठीत.

आणि एक विनंती तुमच्या पेपरला. निवडणूक आली की उमेदवाराच्या गाड्या किती, सोनं किती तोळे हे चौकटीत छापता, तसं जो दुसऱ्यांदा उभा राहतोय त्याच्या मागच्या आणि आताच्या प्रतिज्ञापत्रातले शेअर शेजारी शेजारी छापा, कंपन्यांच्या नावासकट.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी