‘कोणाचा विरोध?’ असे विचारू नका

महोदय,

सोसायटीच्या सभेत ‘सर्वानुमते मंजूर’ होणाऱ्या ठरावांमागे किती जणांचे खरे मत असते? मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात माणसांना रेघांची लांबी ओळखायला लावली. एकट्याने उत्तर देणारे क्वचितच चुकले. पण आधीच्या सगळ्यांनी ठरवून चुकीचे उत्तर दिल्यावर सुमारे ७५ टक्के लोक निदान एकदा त्यांच्यामागे गेले. एक जण जरी खरे बोलला की हा दबाव ओसरे. उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचे असले, तरीही तो कमी होई. गावातले दारूदुकान बंद करण्यासाठी महिलांचे ‘आडवी बाटली’ मतदान गुप्त असते, ते उगीच नाही. सभेतही आधी चिठ्ठ्या घ्याव्यात, मग चर्चा. अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे. ‘कोणाचा विरोध?’ या प्रश्नावर एकट्याने हात वर करायला छाती लागते.

– एक वाचक, सातारा