आज्जीला रात्री एकटी उठू देऊ नका

लीड्स, इंग्लंड

ती. आई-आबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण वॉर्डात उबदार असतं आणि जेवणही वेळेवर होतं. आई, पेशंट उचलून कंबर जाईल असं तू म्हणालीस. अगं, इथं पेशंट हातानं उचलायचाच नसतो.

म्हातारं माणूस वॉर्डात पडलं तरी लगेच उभं करत नाहीत. आपल्याकडं चौघं धावतील, बगलेत हात घालतील, पाणी पाजतील. इथं नर्स शेजारी फरशीवरच बसते. डोक्याला मार लागलाय का, मान दुखते का, एक पाय आखूड होऊन बाहेर वळलाय का, ते बघते. खुब्याचं हाड मोडलं असलं आणि आपण ओढलं, तर ते आणखी सरकतं. तसा संशय असला तर आडवंच, यंत्रानं उचलतात. तोवर अंगावर पांघरूण घालून बोलत राहतात. आधी मला हे निर्दयपणाचं वाटायचं, आता नाही वाटत.

आज्जीला ऑपरेशनसाठी कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात दाखल करणार म्हणून एवढं लिहिलं. माणसं पुष्कळदा संडासला जाताना पडतात. झोपून एकदम उठलं की बीपी उतरतं. आम्ही पाच मिनिटं झोपवून बीपी घेतो, मग उभं केल्यावर एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 नं उतरला की डॉक्टर गोळ्या तपासतात. तिच्या सगळ्या गोळ्या तिथं दाखवा, झोपेचीसुद्धा. घसरणाऱ्या सपाता घरीच ठेवा, चष्मा उशाशी ठेवा. खाटेला कठडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऑपरेशननंतर भान नसलं की म्हातारी माणसं त्यावरून चढतात आणि जास्त उंचावरून पडतात.

आणि तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, "पोराची झोप कशाला मोडू?" म्हणून तिच्या सोबतीला राहणाऱ्या संतूनंच रात्री उठून तिला विचारायचं. इथं रात्री घरचं माणूस सहसा नसतं. आपल्याकडं खाटेखाली चटई टाकून कुणीतरी असतं, हे फार मोठं आहे. तिथं मी असायला हवी होते. रजा मागितली, पण दिवाळीशिवाय मिळत नाही.

पैसे शुक्रवारी पाठवलेत. त्यातून सोसायटीचा हप्ता भरू नका, तो वेगळा पाठवते. गडहिंग्लजच्या स्थळाला मी नाही म्हणत नाही, पण अजून दोन वर्षं इथंच राहणार हे त्यांना आधी सांगा. आज्जी हिंडूफिरू लागेपर्यंत बैठक नको. आबा, माझ्या लग्नासाठी ऊसबिल बाजूला ठेवत असाल, तर त्यातून आधी न्हाणीत धरायला दांडा बसवून घ्या.

तुमची,
ताई