रोमन पॅनल लावा, पण आधी भिंतीची ओल बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ‘रोमन थीम’च्या वॉल पॅनलचे फोटो आलेत, पांढरे खांब, सोनेरी पट्ट्या, मधे द्राक्षाचा घड. बघून हसू आलं आणि पोटातही दुखलं, कारण गेल्या दिवाळीआधी कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधे मी हेच करून बसलोय.

हॉलची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते, पोपडे सुटतात. इंटिरियरवाला म्हणाला, काका पॅनल मारून टाकू, ओल दिसणारच नाही, वर पॉम्पेईचं प्रिंट घेऊ, एकदम हटके. मुलगा खूश, हिला तो लाल रंग आवडला, मीपण मान डोलावली. पॅनल आलं तर कळलं की पठ्ठ्यानी उभं चित्र आडव्या भिंतीवर बसवायला ताणलंय, त्यामुळे मधली बाई चांगलीच गोलमटोल झालीय आणि दोन पॅनलचा जॉइंट बरोब्बर तिच्या नाकावरून गेलाय. पाहुणे विचारायचे ही कोण, आम्ही सांगायचो रोमन आहे.

मग रिटायर्ड माणूस करतो ते केलं, वाचत बसलो. पॉम्पेई हे रोमन शहर इ.स. ७९ मधे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, आणि तिथल्या भिंती बघून आउगुस्ट माऊ या जर्मन अभ्यासकाने १८८२ मधे रोमन भिंतचित्रांच्या चार शैली ठरवल्या. पहिली तर चक्क नकली संगमरवर! गिलाव्यात चिरे उठवायचे आणि रंगवून भारीतला दगड भासवायचा. म्हणजे पीव्हीसीवर मार्बल छापणाऱ्यांना नावं ठेवायची सोय नाही, ते परंपरेतलेच. भिंतीवर खोटे खांब, खोट्या कमानी ही दुसरी, लाल-काळ्या सपाट चौकटीत मधोमध छोटंसं चित्र आणि कडेनी नाजूक वेलबुट्टी ही तिसरी, चौथीत सगळ्याची भेळ. पुरवणीत मात्र सरसकट ‘रोमन’. बहुतेक ठिकाणी भिंतीचे तीन आडवे भाग असतात, खाली गडद पट्टा, मधे मोठ्या चौकटी, वर हलकं काहीतरी. एवढं एक पाळलं तरी प्रिंट न घेता साधा पेंटर हे करून देईल.

रोमनांचा विट्रुव्हियस नावाचा आर्किटेक्ट होता, सदाशिव पेठेत शोभला असता. खांबाच्या जागी बोरूच्या काड्या काय काढता, जे जगात नाहीच ते भिंतीवर कशाला, अशी रीतसर तक्रार पुस्तकात लिहून गेलाय. पण त्याच पुस्तकात ओलीचंपण सांगितलंय: जमिनीपासून तीन फूट गिलाव्यात वाळूऐवजी विटांची भुकटी घाला, आणि भिंत सगळीच ओली असेल तर थोडी जागा सोडून आतून दुसरी पातळ भिंत उभी करा, खाली-वर हवेला भोकं ठेवा. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस हवा खेळती ठेवा म्हणतो आणि आमच्याकडे पॅनल थेट ओल्या भिंतीला चिकटवलं, वर कडा सिलिकॉननी बंद! जुलैत वास यायला लागला, ऑगस्टमधे खालची पट्टी उचकटली तर मागे काळी बुरशी, बोट लावलं तर लिबलिबीत. इंटिरियरवाला म्हणतो वॉरंटी पॅनलची आहे, भिंतीची नाही.

तर पुढच्या वेळी फोटो छापाल तेव्हा पॅनलच्या मागे काय करायचं तेपण दोन ओळीत छापा की. आमची भिंत सध्या उघडीबोडकी आहे, सोसायटी बाहेरून वॉटरप्रूफिंग करेल तेव्हा रंगाचं बघू. रोमन बाई माळ्यावर गेल्यात, हिने त्यांच्यावर गणपतीचं मखर ठेवलंय.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे