स्वदेशी फोन विकू, पण आपली अॅपं त्यावर चालतील का?

प्रति,
मा. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

२४ जानेवारी २०२३ रोजी आपण आणि धर्मेंद्र प्रधान यांनी आयआयटी मद्रासच्या छत्राखाली तयार झालेली ‘भरोस’ ही मोबाइल प्रणाली (अँड्रॉइडसारखं फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) चालवून पाहिली. या वाटेत अडचणी येतील, जगात अनेकांना तिचं यश नको असेल, अशा अर्थाचं आपण तेव्हा बोलला होतात. मी नाशिकला एमजी रोडवर मोबाइलचं दुकान चालवतो. माझ्याकडे आजवर कुणी भरोसचा फोन मागितलेला नाही, आणि त्यामागे परदेशी हात आहे असं मला तरी वाटत नाही.

अँड्रॉइड आणि आयफोन सोडून तिसरं काही आलं की ते आम्ही हौसेनं काउंटरवर मांडलं. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा फायरफॉक्सवाला फोन १,९९९ रुपयांना आला. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगचा टायझनवाला झेड-वन ५,७०० रुपयांना आला. त्याआधी ब्लॅकबेरी टेन येऊन गेला होता. सगळ्यात चांगला होता तो विंडोजवाला लुमिया. स्वस्तातला ५२० सुद्धा अडकत नसे, असं मी आजही छातीठोक सांगतो. म्हणजे फोन वाईट म्हणून ही मंडळी बुडाली असं म्हणता येणार नाही. पैसा कमी पडला असंही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदाच विकत घेतला आणि जुलै २०१५ मध्ये त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले.

नव्या प्रणालीचं दुखणं आमच्या जुन्या म्हणीतलं आहे: वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. माणसं नाहीत म्हणून अॅप कुणी बनवत नाही, अॅप नाही म्हणून माणसं येत नाहीत. त्यात समोरचा बलाढ्य असेल तर तो मदत कशाला करेल? २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः खपून विंडोज फोनसाठी यूट्यूबचं अॅप तयार केलं, ते गूगलने बंद पाडलं. पण सगळा दोष गूगलच्या माथी मारणंही खरं नाही. २०१२ मध्ये विंडोज फोन ८ आला, तेव्हा ७ वापरणाऱ्यांना तो मिळणार नाही असं सांगण्यात आलं. ज्यांनी भरवसा टाकून पहिल्यांदा खरेदी केली, त्यांचेच फोन जुने ठरले. अशी माणसं पुढचा फोन घेताना चार जणांना सावध करतात.

या दुष्टचक्रातून आपल्या देशात एकच गडी बाहेर पडला. फायरफॉक्सचीच पुढची पिढी असलेली कायओएस २०१७ मध्ये जिओफोनवर आली. सुरुवातीला त्यावर व्हॉट्सअॅप नव्हतं आणि गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारायचं. पण रिलायन्सने १,५०० रुपयांच्या अनामतीवर फोन इतके खपवले, की सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सअॅप आपणहून त्या फोनवर आलं. माणसं एवढी जमवली की अॅपवाल्याला यावंच लागतं.

एवढी माणसं जमवण्याची ताकद जिओखेरीज या देशात आणखी कुणाकडे असेल तर ती सरकारकडे आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

हल्ली गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपनंतर विचारतं ते बँकेचं आणि सरकारी कामाचं. निफाड-दिंडोरीकडचा शेतकरी फोन घेताना ‘ई-पीक पाहणी चालेल ना?’ असं विचारतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद त्यानेच बांधावर उभं राहून फोनवरून करायची आहे. (ते अॅप राज्याचं, आपलं नाही, हे मला ठाऊक आहे. शेतकऱ्याला त्या फरकाशी देणंघेणं नसतं.) बँकांचं त्याहून अवघड आहे. अनेक बँकांची अॅपं उघडतानाच गूगलच्या सेवेला विचारून घेतात, की हा फोन तुमच्या मान्यतेचा आहे का? गूगलशिवायच्या फोनवर उत्तर येत नाही आणि अॅप बंद. भरोस अँड्रॉइडच्या मुक्त सांगाड्यावरच उभी आहे, तरी गूगलच्या सेवा त्यात नाहीत. म्हणजे स्वदेशी फोनवर स्वदेशी बँकेचं अॅप चालेल की नाही, हे परदेशी कंपनीच्या शिक्क्यावर ठरणार. सुरक्षा हवीच, पण फोन खरा की खोटा हे पडताळण्याची दुसरी सोय रिझर्व्ह बँक, यूपीआय चालवणारी एनपीसीआय आणि आपलं मंत्रालय मिळून ठरवू शकत नाही का?

स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. त्यात गूगलच्या याच सेवांच्या (प्ले सर्व्हिसेस) वापराबाबतचा निर्देशही होता. पुढची लढाई सर्वोच्च न्यायालयात गेली. ती चालू राहो, आपण तिच्यासाठी थांबायची गरज नाही.

कारण तिसऱ्या प्रणालीवर आपलं अॅप आणणं सरकारने एकदा करून दाखवलं आहे. कोरोनाकाळातलं आरोग्य सेतू अॅप २ एप्रिल २०२० ला अँड्रॉइड-आयफोनवर आलं आणि मेच्या मध्यापर्यंत जिओफोनवरही. मनावर घेतलं तर दीड महिना पुरतो.

आपल्याकडे रेल्वे खातंही आहे, म्हणून सुरुवात घरातूनच करावी. आरक्षणाचं तिकीट आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर कुठल्याही ब्राउझरमधून निघतं. जनरलचं तिकीट मोबाइलवरून काढायचं तर मात्र अॅपच लागतं. २ ऑगस्ट २०२७ ला नाशिकच्या सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान आहे. नाशिकरोड स्टेशनवर जी गर्दी उतरेल, तिच्यात जनरलच्या डब्यातून येणारेच जास्त असतील. त्याआधी हे तिकीट साध्या ब्राउझरमधून काढता यावं. जमलं तर डिजिलॉकर, उमंग या सरकारी अॅपांनाही हाच नियम लावा: नवं काही आलं की त्याच दिवशी ते ब्राउझरमध्येही पूर्ण चालायला हवं, आणि कुणाला नव्या प्रणालीसाठी अॅप बनवायचं असेल तर त्याला लागणारी तांत्रिक माहिती खुली हवी.

भरोसला अनुदान द्यायचं की नाही ते आपण ठरवा. मला विचाराल तर त्याआधी रेल्वेचं एक तिकीट त्या फोनवरून काढून दाखवा. मी दुकानात तो फोन पुढच्या काचेत मांडतो.

आपला,
एमजी रोडवरचा एक मोबाइल दुकानदार
नाशिक