आई, नानांची भाकरी बंद करू नको

हायडेलबर्ग, जर्मनी, १६ नोव्हेंबर

ती. नाना व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी पडलीय, पण खोली गरम असते आणि तू दिलेली गोधडी आहेच. परवा फोनवर तू रडायला लागलीस आणि नाना शेजारीच बसलेले, म्हणून मला धड बोलता आलं नाही. आता लिहूनच पाठवते. दादानं हे दोघांना वाचून दाखवावं.

आधी रिपोर्ट. दादानं पाठवलेला कागद मी चार वेळा वाचला. नानांच्या आतड्यातून काढला तो पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेला मोड, अ‍ॅडिनोमा जातीचा. तो कॅन्सर नव्हता. असे मोड बहुतेकांचे तसेच राहतात. थोड्यांचा पुढे कॅन्सर होतो, पण त्याला बहुधा दहा वर्षं किंवा जास्तच लागतात. नानांचा तर पूर्ण काढून टाकलाय.

नाना विचारत होते, झालंच कशानं? आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. त्यासाठी तिथल्या पेशींना सारखा ‘वाढा’ असा निरोप जातो. या निरोपाच्या वाटेला आम्ही विंट म्हणतो, आणि निरोप पेशीच्या केंद्रात पोचवतं ते बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन. गरज नसली की पेशी ते मोडून टाकते, आणि त्या कामात एपीसी हे दुसरं प्रथिन लागतं. नाना, मळ्यातली मोटार आठवा. एपीसी म्हणजे ती बंद करणारा स्टार्टर. तो जळला की वाफे भरून वाहिले तरी मोटार चालूच. आतड्याच्या कॅन्सरच्या सुमारे ८० टक्के गाठींत हाच स्टार्टर बिघडलेला सापडतो. वय वाढतं, पेशी लाखो वेळा दुभंगतात, एखादी चूक राहून जाते. आई, त्याचं खापर ठेच्यावर फोडू नको आणि स्वतःवर तर मुळीच नको.

आता तू रागावशील ते लिहिते. पहिले काही दिवस हलकं खाणं बरोबर होतं. पण दोन महिने झाले, आणि तू अजून नानांना पाव, बिस्किटं नि मऊ भात देतेस. ज्वारीचा आणि कळण्याच्या भाकरीतल्या उडदाचा कोंडा पोटात पचत नाही, तो मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जंतू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. आतड्याच्या निरोगी पेशींचं मुख्य जळण तेच. बिघडलेली पेशी मुख्यतः साखरेवर चालते, तिला ब्युटिरेट फारसं जाळता येत नाही. मग ते तिच्या केंद्रात साठतं आणि वाढ रोखतं, असं प्रयोगशाळेत दिसतं. २०१५ साली अमेरिकेतले २० कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेतले २० खेडूत यांच्या जेवणाची दोन आठवडे अदलाबदल केली होती. भरड खाणाऱ्या अमेरिकनांचं ब्युटिरेट वाढलं आणि अस्तराची नको तितकी वाढ कमी झाली. आफ्रिकेतल्यांचं नेमकं उलट झालं. अवघ्या दोन आठवड्यांत!

पण भाकरी म्हणजे औषध नव्हे, हेही सांगते. पॉलिप काढलेल्या सुमारे दोन हजार लोकांना अमेरिकेत चार वर्षं कोंड्याचं, भाजीपाल्याचं जेवण देऊन पाहिलं, तरी पॉलिप परत यायचे ते आलेच. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीची तपासणी, चुकवायची नाही. आबांना रक्त जायचं तेव्हा आपण सगळे मूळव्याध म्हणत राहिलो. मीही म्हणत होते. ते माझ्या मनातून जात नाही.

आणि आई, मी इथं मांस खात नाही. गळ्यात माळ आहे. तुला कुणी काय सांगितलं ते मला कळलंय. इथं बऱ्याच घरी संध्याकाळी चूलच पेटवत नाहीत, हे मात्र खरं. गरम जेवण दुपारी. रात्रीच्या जेवणाला आबेंडब्रोट म्हणतात, म्हणजे संध्याकाळचा पाव. प्रत्येकासमोर ताटाऐवजी छोटी लाकडी फळी ठेवतात. त्यावर पाव, लोणी, चीज, काकडी, आणि घरमालकीणबाईंकडे सॉसेजच्या थंड चकत्या. पाहुणा आला तरी हेच, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मला पहिल्या दिवशी वाटलं, बाईंचा गॅस संपला! पाव मात्र राय नावाच्या धान्याचा, काळा, भरड, आपल्या भाकरीच्या नात्यातला. चकत्यांचं म्हणाल तर असं प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ मध्येच सांगितलंय. मी काकडी-चीज खाते. रविवारी भरीत करते, इथल्या जांभळ्या वांग्याचं. बामणोदच्या वांग्याची चव त्याला नाही, पण पोट भरतं.

नाना, मळ्यात फटफटीवर नको, पायी जा. बसून राहिलं आणि पोट सुटलं की रक्तात इन्सुलिन वाढतं, तोही पेशींना वाढीचाच निरोप.

दादाच्या खात्यावर ६०० युरो टाकलेत. त्यातून आधी तपासणीचे बाजूला काढा, मग केळीच्या रोपांची उधारी. जळगावच्या स्थळाला एवढ्यात काही कळवू नका. मी नाही म्हणत नाहीये, पण माझं इथलं काम पुढच्या दिवाळीपर्यंत आहे आणि कुणाला ताटकळत ठेवणं बरं नाही. सोनीच्या लग्नाला मला सुट्टी मिळत नाही. दोनदा मागितली. तिकिटासाठी साठवलेले पैसे पुढच्या आठवड्यात येतील, त्यातून तिला पाटल्या करा. तिला मी स्वतः फोन करीन, तोवर तुम्ही सांगू नका. हळदीच्या दिवशी व्हिडिओ लावा, आपल्याकडे कितीही लवकर असलं तरी मी उठून बसेन.

तुमची,
वैशू

ता. क. पुढच्या तपासणीच्या तारखेचा कागद देवघरात ठेवू नका. कॅलेंडरला टाचून ठेवा, नानांच्या नजरेसमोर.