वारस नोंदीबद्दल विचारणाऱ्या समुपदेशक ताईंना

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

मुंबई-बंगळूर मार्गावर मालट्रक चालवणारे माझे थोरले बंधू २००६ साली एड्सने वारले आणि त्यांचा तेरावा होण्याआधीच वहिनींनाही एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले. त्यांचे ताट-वाटी वेगळे झाले, दहा महिन्यांच्या नातीला आई मांडीवर घेईना, आणि ‘तुमची मुलगी घेऊन जा’ असा निरोप वहिनींच्या माहेरी गेला. तो निरोप घेऊन मीच गेलो होतो.

एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रात वहिनींसोबत मी नाइलाजाने आलो होतो. रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या सीडी-४ पेशी दोनशेच्या खाली गेल्यामुळे गोळ्या लगेच सुरू कराव्या लागतील, २००४ पासून सरकार त्या मोफत देते, आणि आईकडून आलेली, चाचणीत दिसणारी प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) बाळाच्या रक्तात बराच काळ राहत असल्याने पुतणीचा खात्रीचा निकाल ती दीड वर्षाची झाल्यावरच मिळेल, हे सारे तुम्ही समजावून सांगितलेत. मग फाइल मिटून मला विचारलेत, “सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का?”

मला उत्तर देता आले नाही. भावाच्या हिश्श्यावर त्याची पत्नी, मुलगी आणि आई यांचा हक्क आहे, माझा नाही, हे तुम्ही आवाज न चढवता सांगितलेत. रोगाची भीती आम्हांला खरोखरच होती. पण तिच्या आडोशाने आम्ही जमीनही राखू पाहत होतो, हे तोवर मी स्वतःशीसुद्धा कबूल केले नव्हते. पुढच्या आठवड्यात मी तलाठ्याकडे अर्ज दिला.

गोळ्यांच्या वेळा सांभाळण्याचे काम तुम्ही आईवर सोपवलेत. तिला घड्याळ कळत नसे. रेडिओवर सकाळच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की ती गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन वहिनींसमोर उभी राही. ज्या बाईच्या ताटाला ती शिवत नव्हती, तिच्या गोळीची तिला अशी काळजी लागली. पुतणीला लागण नसल्याचे आठ महिन्यांनी कळले, पण त्याच्या कितीतरी आधी आईने नातीला मांडीवर घेतले होते.

वहिनी आता रात्री एकच गोळी घेतात. त्यांच्या नावावरच्या उसाच्या बिलातून पुतणीची महाविद्यालयाची फी भरली जाते.

तुमची बदली झाल्यावर पत्ता मिळाला नाही, म्हणून आभाराचे हे पत्र उघडपणे लिहीत आहे. वहिनींनी ते वाचले आहे. माहेरी धाडलेल्या निरोपाची गोष्ट गाळू नका, असे त्यांनीच सांगितले.

आपला ऋणी,
त्यांचा दीर